फळी सुटली नव्हती

आजच्या सभेच्या अध्यक्षा श्रीमती आयरिस पायबस, व्यासपीठावरचे गॅनेट बेट दीपगृह मंडळाचे मान्यवर, आमचे सत्कारमूर्ती मर्व्हिन डूली, त्यांच्या पत्नी लॉर्ना, आणि अशा गारठ्यात चुलीची ऊब सोडून इथं आलेल्या बंधुभगिनींनो,

मी नेरिडा कॉपिंग. मर्व्हच्या हाताखाली बेटावर राबलेल्या अनेक स्वयंसेवकांपैकी एक. मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. दोनाचे थोडे जास्त होतील, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

गॅनेट बेटाचं दीपगृह बंद पडलं तेव्हा त्यात मेंढ्या शिरत होत्या, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. मर्व्हनी ते पुन्हा उभं केलं. आम्ही बेटावर जायचो, गंज खरवडायचो, चुना फासायचो आणि बोट मिळाली की घरी पळायचो. दिव्याभोवतीच्या भिंगाला मात्र हात लावायची कुणाची छाती नव्हती. माणसाहून उंच, लोलकांच्या रांगांवर रांगा असलेलं ते भिंग मर्व्ह एकटे पुसायचे. लॉर्ना म्हणायच्या, "एवढं माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नाही या माणसानं!" हसा, हसा, त्या अजूनही म्हणतात.

मी बेटावर गेले त्या हिवाळ्यात दिव्याच्या खोलीची एक तडकलेली काच काढलेली होती. नवी काच घेऊन येणारी बोट खवळलेल्या समुद्रामुळे अडकली, म्हणून त्या जागी प्लायवुडची फळी बसवली होती. एके दुपारी नैर्ऋत्येचा वारा उठला. मर्व्ह चहा तसाच टाकून उठले. "नेरिडा, चल वर. फळी बघू."

तुम्ही कधी मनोरा गुणगुणताना ऐकला आहे? लोखंडी जिना दातात कळ यावी तसा वाजत होता. वर पोचलो तर फळीचे स्क्रू सैल होऊन बाहेर डोकावत होते. आम्ही दोघांनी फळीला पाठ लावली. वारा फळी आत ढकलायचा, मग एकदम बाहेर ओढायचा, जणू पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय. आमच्यासमोर हातभर अंतरावर भिंग होतं. फळी आत आली असती तर आम्ही भिंगावर आदळलो असतो.

"मर्व्ह, हे टिकेल?"

"बोलू नकोस. रेट."

शेजारची काच माझ्या कानाशी कडाडली. तिच्यावर पांढरी रेघ वर वर चढताना मी पाहिली. मला रडू यायला हवं होतं, मी हसत सुटले. थांबताच येईना.

"खाली जा, पोरी," मर्व्ह ओरडले.

"तुम्ही?"

"मी धरतो. तू जा!"

मला जायचं होतं हो! पण पाय माझे नव्हतेच. जिन्यात उतरायचं जमिनीतलं झाकण तीन पावलांवर होतं आणि मला एकही उचलता येत नव्हतं. "नाही हलत," मी म्हणाले, "मर्व्ह, पाय नाही हलत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंगाकडे पाहिलं. फार वेळ नाही; पण ते पाहणं मी विसरलेले नाही. मग त्यांनी पाठ काढली, माझ्या कमरेला विळखा घातला आणि मला त्या झाकणातून अक्षरशः खाली लोटलं. मागोमाग स्वतः आले, झाकण ओढून घेतलं. आणि वर भिंग फुटायला लागलं. एकदम नाही, रांगेमागून रांग. प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे आक्रसत होते. मी जिन्यावर पोटाशी गुडघे घेऊन बसले होते. थोडं शांत झाल्यावर ते म्हणाले, "डोळ्यात काही गेलं का बघू." एवढंच.

त्यानंतर मी परगावी राहायला गेले. परवा या भाषणाबद्दल विचारायला फोन केला, तेव्हा मंडळातले एकजण आपुलकीनं म्हणाले, "भिंगाचा विषय काढू नकोस. मर्व्हच्या हातून फळी सुटली होती, त्याला लागतं ते. एखादा जवान गडी असता तर भिंग वाचलं असतं."

इतकी वर्षं तुम्ही सगळे असंच समजत होता? आणि मर्व्ह, तुम्ही समजू दिलंत?

फळी सुटली नव्हती. त्यांनी ती सोडली. आयुष्यभर पुसलेलं भिंग एका बाजूला, आणि भीतीनं गोठलेली, धड ओळखही नसलेली मुलगी दुसऱ्या बाजूला. मर्व्ह, खाली बघू नका. लॉर्ना, त्यांना खाली बघू देऊ नका.

मला बोलू दिलंत, अध्यक्ष महोदया, आपले आणि मंडळाचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला. फळीबद्दल बोलले ते मात्र पोटात घालू नका. बाहेर जाऊन चारचौघांत सांगा.