शेवटून पहिले

—नाही हो, रागावले कुठे, दचकले. मागून कोणी 'एक मिनिट' म्हटलं की दचकतेच मी. आई म्हणते, दारावरची बेल वाजली तरी चोरी पकडल्यासारखी उठतेस. बसा ना सर. आयोजकांच्या टेबलावर आज मी एकटीच, बाकी सगळे आत हॉलमध्ये, कॉम्प्युटर परिषदेच्या समारोपाला. ज्याच्या भाषणाला सर्वांत जास्त गुण, त्याने तेच मोठ्या स्टेजवर पुन्हा द्यायचं, अशी पद्धत आहे आमची. आणि यादीत तुमचं नाव... हो, तळाला. अगदी तळाला. मनाला लावून घेऊ नका, कोणीतरी शेवटी असतंच—शाळेच्या शर्यतीत कायम मी असायचे. श्रोत्यांनी मोबाइलवरून दहापैकी गुण दिले, माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रामने, सरासरी काढली, पूर्ण आकड्यावर आणली आणि उतरत्या क्रमाने यादी लावली. सहा ओळींची आहे हो. माणसाचा हातच नाही, मग वशिला कुठून येणार?

खरं सांगू? मला आवडलं होतं तुमचं भाषण. फाइल पुसण्याआधी 'नक्की ना?' विचारणारी ती छोटी स्क्रिप्ट तुम्ही दाखवलीत ना—कालच घरच्या कॉम्प्युटरवर टाकली, आणि दादाच्या लग्नाचे फोटो वाचले तिच्यामुळे. पण मग यादी पाहिली आणि वाटलं, चुकलं असेल माझंच. मला मेलीला काय कळतंय.

गुण? ते नाही छापले, मुद्दाम. कमी आकडा चारचौघांत दिसला की लागतं माणसाला, म्हणून तो रकाना मीच वगळला. बघायचेत? दाखवते, पण वाईट वाटून घ्यायचं नाही, कबूल? हे वर नऊ—ते बघा, दाराच्या काचेतून, आता स्टेजवर चढताहेत. मग आठ, आठ, सात... तीन, दोन—हे दोनवाले म्हणजे नुसती स्वतःच्या कंपनीची जाहिरात करून गेले—आणि त्यांच्याखाली तुम्ही, एक... एक नाही. पुढे शून्य आहे.

दहा.

थांबा हं. या स्क्रिप्टने आकडे शब्दांसारखे लावलेत—दहाची सुरुवात एकाने, म्हणून दोनच्या खाली. हे आकडे आहेत, एवढं सांगायचंच राहिलं माझं. अहो, हसताय काय, आत माइक सुरू झालाय. राहू दे? राहू दे कसं? मी सांगते आत जाऊन, भर हॉलमध्ये. मी. उठा, लॅपटॉप घ्या. मागे नको, पुढे चला. दार तेवढं तुम्ही उघडा.

बोलते मी.