चौदा फूट दोन इंच

समारंभाच्या अध्यक्ष मुख्याधिकारी महोदया, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेले परवाना विभागाचे निरीक्षकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, विभागातले कर्मचारी, आणि मागच्या रांगांत बसलेली आमच्या गल्लीतली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. तीस वर्षं मी नकाशे काढण्याच्या कचेरीत होतो. तिथे मान वर व्हायची ती जेवणाच्या सुट्टीत. पण साहेबांनी म्हणे अट घातली, की निरोपाला एक तरी असा माणूस बोलू दे ज्याला मी नोटीस दिली आहे. अशी माणसं गावात पुष्कळ असतील. बोलायला तयार झालेला बहुधा मी एकटाच.

माझी नोटीस कोंबड्यांची होती. म्हणजे कोंबड्या माझ्या नव्हत्या, माझ्या पत्नीच्या होत्या. परवाना तिच्या नावावर होता. आमचा भाग निवासी झोनमध्ये येतो. तिथे मागच्या अंगणात सहापर्यंत कोंबड्या पाळता येतात. कोंबडा चालत नाही, अंडी विकायची नाहीत, आणि खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून पंधरा फूट लांब हवं. मी त्या कोंबड्यांना कधी हातही लावला नव्हता. "तुम्ही लांबूनच बघा, त्यांनाही तुमची भीती वाटते," असं ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. तरी पहाटे पाचला उठून अंगणात जायची. पाण्याची बादली जड होऊ लागली, तेव्हा तिनं सुतार बोलावून खुराडं नळाच्या बाजूला सरकवून घेतलं. मी म्हणायचो, "अगं, जरा पडून राहा." ती म्हणायची, "पडून राहायला पुढे पुष्कळ वेळ आहे."

आणि मग कुणीतरी नगरपालिकेला पत्र टाकलं. खाली सही नव्हती, नुसतं 'एक हितचिंतक' असं होतं.

सही नसलेली पत्रं साहेब बाजूला ठेवतात, हे मला नंतर कळलं. पण त्या पत्रात मोजमाप दिलेलं होतं, आणि मोजमाप दिलं असेल तर पाहणी करावीच लागते. एका सकाळी साहेब आले. आधी चपला काढल्या, मग फाईल. नियमाप्रमाणे त्यांनी परवानाधारकाला तक्रार वाचून दाखवली. 'सदर खुराडे शेजारील भिंतीपासून चौदा फूट दोन इंच अंतरावर असून...'

माझी पत्नी खुर्चीत शाल घेऊन बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, तुमचा टेप कशाला काढता? आमच्या घरातला घ्या. दारामागेच आहे, यांनी नुकताच काढलाय."

साहेबांनी मोजलं. चौदा फूट दोन इंच. अर्धा इंचसुद्धा इकडेतिकडे नाही.

आपल्यापैकी काही जणांच्या लक्षात आलं असेल. ते पत्र मी लिहिलं होतं. कोंबड्या गेल्या तर ती निजून राहील, विश्रांती मिळेल, चार दिवस जास्त काढेल, एवढाच माझा हिशेब होता. तिला सांगून पटलं नसतं म्हणून नगरपालिकेकडून सांगवायला निघालो होतो.

साहेबांनी नोटीस लिहिली. मला वाटलं, झालं काम. पण ते माझ्या पत्नीशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, कोंबड्या पाळणं हा तुमचा हक्क आहे. तो मी काय, कुणीच काढून घेऊ शकत नाही. चूक फक्त दहा इंचांची आहे. सात दिवसांत खुराडं मागे न्या. आणि पाणी पुढे आणा. नळाला एक रबरी पाईप लावला की बादली उचलायलाच नको." एवढी साधी गोष्ट. नकाशे काढणाऱ्या माणसाला ती सुचली नव्हती.

फाटकाशी ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तक्रारदारानं आतून मोजलंय. गल्लीतून इतकं नेमकं येत नाही." मी खाली पाहिलं. "ताईंना दमणूक होते हे पत्रात कुठे नाही," ते म्हणाले, "ते त्यांनाच सांगायला हवं होतं." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या फाईलला कुणाचं नाव लागलं नाही.

खुराडं सरकवताना दुसरं टोक शेजारच्या शिक्षिकाबाईंनी धरलं. बाई, तुम्ही मागे बसला आहात. भिंत तुमची, म्हणून तक्रारही तुमचीच असं गल्लीत तेव्हापासून बोललं गेलं. मी ऐकत राहिलो. आज सर्वांसमक्ष तुमची क्षमा मागतो.

माझी पत्नी त्यानंतर आठ महिने होती. रोज पहाटे पाईप मी धरायचो. सगळी बडबड त्या वेळातच व्हायची. आधीच्या तीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नसू. ती गेली, आणि तिच्याबरोबर परवानाही संपला, कारण तो वारसाला मिळत नाही. महिन्याच्या आत साहेब नवा अर्ज घेऊन आले. सगळं भरलेलं होतं, फक्त नाव आणि सही मोकळी. म्हणाले, "सक्ती नाही. नको असेल तर कोंबड्या न्यायची सोय करतो." मी सही केली. सकाळी पाचला मला उठावं लागतं ते त्या सहीमुळे. बरं चाललं आहे माझं. कोंबड्या आता मला भीत नाहीत.

एक राहिलं. त्या पाहणीच्या दिवशी पत्नीनं साहेबांना सहा अंडी देऊ केली होती. ते म्हणाले, "नोकरीत असेपर्यंत नको, ताई." तिनं विचारलं, "मग निवृत्त कधी होता?" त्यांनी महिना सांगितला. तिनं बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाली, "मी नसले तर हे देतील. यांना मोजून दिलेलं काम चांगलं जमतं."

मी साहेबांचा निवृत्तीचा आदेश वाचून आलो आहे. त्यात 'कार्यालयीन वेळ संपताच' असं लिहिलं आहे. भिंतीवरच्या घड्याळात अजून पंचवीस मिनिटं बाकी आहेत. म्हणून डबा मी आत आणलेला नाही. तो फाटकाबाहेर, माझ्या सायकलच्या पिशवीत आहे.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. साहेब, सावकाश या. मी बाहेर थांबतो.