एकही तक्रार न्हाय

न्हाय मॅडम, चहा थंड होईल, आधी घ्या — आणि हो, बरोबर वाचलंत तुम्ही. सहा महिन्यांत एकही तक्रार न्हाय. अख्ख्या वडप्यात असं दुसरं गोडाऊन मिळायचं न्हाय. हेड ऑफिसनं त्यासाठीच पाठवलंय ना तुम्हाला, सावळाराम सुपरवायझर माणसं कशी सांभाळतो ते लिहून घ्यायला? लिहा. सगळं त्या ट्रेनिंगमुळं. दोन हजार सहा साली ठाण्याला हॉटेलात दोन दिवस नेलं होतं आम्हाला — एसी काय, भात खायला चमचे काय. टाय लावलेले एक सर होते. म्हणाले, हुकूम सोडू नका, टीम करा. रोज सकाळी माणसं गोल बसवा, प्रत्येकाला बोलू द्या. समोरचा बोलला की डोळ्यात बघा, मान हलवा, आणि त्याचंच म्हणणं त्याला परत म्हणून दाखवा. मी घरी बायकोवर प्रॅक्टिस केली. ती म्हणाली, बरं वाटत न्हाय का तुम्हाला?

पण जमलं हो मला. त्याआधी कसा होतो मी? बारा हमाल, चार बायका, सगळी ह्याच गावांतली, आणि माझ्या तोंडात दिवसभर शिवी. तो मी एकदम म्हणायला लागलो — बोला रामनाथभाऊ, बोला काशीताई. पहिल्या दिवशी हसली सगळी. मग बोलायला लागली. पाण्याचा माठ फुटलाय — मी म्हणायचो, म्हणजे तुमचं म्हणणं असं की माठ फुटलाय. आणि नवा माठ आणला, खरंच आणला. माठ आणायला काय जातं?

मग काशी — इथं झाडलोट करते ती, दामू हमालाची बायको — ती एक दिवस म्हणाली, सावळादादा, मागल्या कोपऱ्यात जमीन खचतेय, टाइल्सच्या खोक्यांची थप्पी झुकलीय, झाडताना दिसतं मला. आता हे गोडाऊन उभं हाय ना मॅडम, ती जमीन आमची. बापाचं भातशेत. त्या कोपऱ्यात दिवाळीपर्यंत पाय रुतायचा. म्हणजे तिला दिसायच्या आधी मला ठाऊक पाहिजे होतं — ठाऊक होतंच. पण थप्पी हलवायची म्हणजे दोन दिवस माल अडणार, गाड्या रांगेत उभ्या, वरून साहेब मला विचारणार. मग मी काय केलं? सर म्हणाले तस्सं केलं. डोळ्यात बघितलं, मान हलवली, म्हणालो, म्हणजे काशीताई, तुमचं म्हणणं असं की थप्पी झुकलीय, माणसाला धोका हाय. बरोबर? ती म्हणाली, बरोबर. चेहरा उजळला तिचा. मीटिंगच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं मी लिहिलं — ऐकून घेतलं. बस. त्याच्यापुढं काय केलं न्हाय.

मान हलवू नका हो अशी, पुढं ऐका. मी शिव्या द्यायचो ना, तेव्हा हे हमाल माझ्या भरवशावर न्हवते. आपलं आपण बघायचे. झुकलेल्या थप्पीजवळ कुणी जायचा न्हाय, मी कितीही बोंबललो तरी. आता काशीनं घरी सांगितलं, दादाच्या कानावर घातलंय, तो बघतो म्हणाला. बघतो असं मी म्हणालोच न्हवतो — पण तिला तसंच वाटणार की. चार दिवसांनी मी म्हटलं, दामू, मागून वीस खोकी काढ. तो गेला. बिनघोर गेला. मी इथं ह्याच खुर्चीत होतो, आवाज झाला तेव्हा. पाय गेला त्याचा, गुडघ्याखाली.

हो, तुमच्या कागदांत हाय ते. सूचना देऊनही हमाल थप्पीखाली गेला, हमालाचा निष्काळजीपणा. तो कागद — आता सांगूनच टाकतो — तो मी लिहिलाय, मॅडम. साक्षीला अंगठा काशीचा. ती दवाखान्यातून धावत आली होती. मी म्हटलं, काशीताई, दामूच्या उपचाराचा कागद हाय, इथं अंगठा उठवा. तिनं विचारलंसुद्धा न्हाय कशाचा ते. ऐकून घेणारा माणूस ना मी. लाज वाटते मला, जेवताना वाटते, आंघोळ करताना वाटते. त्या कागदामुळं दामूला गेटवर बसायची ड्युटीपण देत न्हाईत, चूक त्याचीच म्हणून. काशीला मी सांगितलं, कंपनीचा नियम हाय. आणि मला तुम्ही दुसऱ्या गोडाऊनांत शिकवायला नेणार.

एकही तक्रार न्हाय ती अशी. काशी अजून गोलात बसते. तिचा नंबर आला की म्हणते, काय न्हाय, दादा. तिच्यामागून सगळे म्हणतात, काय न्हाय. पाच मिनिटांत मीटिंग खतम.

तर लिहा, तो अपघाताचा कागद खोटा हाय, सावळारामनं लिहिलाय — वही का मिटलीत? साहेबांना विचारून मग? बरं, बरं. निघा मग तुम्ही, गाडी बाहेर उभी हाय. साहेबांना मीच फोन करतो संध्याकाळी — न्हाय, आत्ताच करतो. काशीलापण सांगायला पाहिजे, पण ते जरा — जेवणाची सुट्टी संपली की — आज न्हाय तर उद्या सकाळी —

काशी? कवाची उभी हायेस गं तिथं?