मेजरचे बेचाळीस दिवस

—नाही रे वॉरन, तो नाही चढायचा ट्रकात. तो निळ्या पट्ट्यांचा बैल, मेजर. अकरा चढव, बारावा राहू दे. क्लाइव तिकडून ‘चढव, चढव’ म्हणून ओरडतोय ना, ओरडू दे — नवरा माझा आहे, मला सवय आहे. मेजरला औषध दिलंय. जंताचं, पाठीवर ओततात ते. ओतलं की बेचाळीस दिवस कत्तलखान्याला द्यायचा नाही, आणि ओतलेला कळावा म्हणून ढुंगणावर निळ्या रंगाचा पट्टा ओढायचा. एवढे पट्टे का? तुला काय करायचंय?

बरं, ऐक. त्याला एकही जंत नाही. अख्ख्या क्वीन्सलंडात एवढं स्वच्छ पोट कुणाचं नसेल — तुझंही नसेल. पण तुझा ट्रक यायचा झाला की मी ओतते. अरे, बाटलीनं वाढवलाय मी त्याला! किटली वाजली की खिडकीतून तोंड आत घालतो, चार बिस्किटं घेतल्याशिवाय हलत नाही. त्याचे तुकडे करायला पाठवू? नुसतं कागदावर लिहायचं, म्हणतोस? वा रे वा! खाली सही माझी असते. न दिलेलं औषध दिलं म्हणणारी बाई उद्या दिलेलं लपवेल, आणि ते कुणाच्या तरी पोराच्या ताटात जाईल. खोटं मी लिहायची नाही. म्हणून तर खरं ओतते. आणि क्लाइवला काय सांगू? तीस वर्षं गुरं विकणारा माणूस तो — पबमध्ये वर्षभर माझ्यावर हसत बसेल.

थांब, वहीच दाखवते. ही बघ, मेजर, शेवटचं औषध — अगं बाई. मी बहिणीकडे टूवूम्बाला गेले होते ना, या खेपेला ओतायचं राहूनच गेलं. बेचाळीस दिवस परवाच संपले. म्हणजे — म्हणजे आज त्याला अडवायला माझ्याकडे काहीच नाही.

थांब. खाली अजून एक ओळ आहे. ‘मंगळवार. मेजर. जंत. पाठीवर.’ याच आठवड्यातलं, आणि हे माझं अक्षर नाही. हे तर — क्लाइवचं. जंत कशाशी खातात हे माहीत नसलेला माणूस! आणि तुझ्यासमोर कसा बोंबलतोय बघ.

दार लाव ट्रकचं. अकराच लिही. निघ तू — आणि जाताना त्याला काही विचारू नकोस. ओरडू दे.