त्रेसष्ट वेळा पाणावलेले डोळे

हॅलो?… हो, किशोरीच. थांब, मिक्सर बंद करते… हं, बोल अनुया.

अगं, मीच करणार होते फोन… ऐक ना… ऐक तर! नीता मॅडमचा फोन आला होता. हो, त्याच, प्रकाशनाच्या… अर्ध्या तासापूर्वी. कादंबरी घेतली त्यांनी!… हो, हो… छापतायत! अगं ओरडू नकोस, ऑफिसात आहेस ना तू?

परत पाठवली होती, बरोबर… 'डोळे पाणावले' त्रेसष्ट वेळा आलंय म्हणे, आणि 'अचानक' एकेचाळीस वेळा. हे काढा, महिनाअखेरपर्यंत पाठवा, नाहीतर राहू दे… हो ना, इतका राग आला! म्हटलं, मिठागरावरचं जगणं यांना काय कळणार? फाईल उघडलीच नाही मी. निकेश न्हावा शेवाहून ड्यूटी करून यायचा, की माझं पुराण सुरू…

नाही गं, नवरा काय समजावणार! आईने… हो, आपली आई. हसतेस काय?

गुडघा दाखवायला आली ना इथे कामोठ्याला. म्हणाली, माज्यावर लिवलंस ना, वाच की. बसले वाचायला… तीन प्रकरणं गप्प. बाबा गेल्यावर सखू, म्हणजे कादंबरीतली आई, परत मिठागरावर जाते ना, तिथे हात वर केला. म्हणाली, 'थांब. मी कवा रडले गं एवढी? डोक्यावं मिठाची पाटी, दोनी हात वर. डोले पुसाला हात कुठं व्हता?'

…हो ना. तिथेच फाईल मिटली मी.

दुसऱ्या दिवशी ट्यूशनची मुलं गेली आणि बसलेच. शब्द शोधायचा, वाक्य खोडायचं, उरलेलं आईला वाचून दाखवायचं… आधी होतं, 'सखूचे डोळे पाणावले. अचानक तिने पाटी उचलली.' आता नुसतं, 'सखूने पाटी उचलली.'… बघ! तुलाही जाणवलं ना? आई म्हणाली, आता ही मी हाय.

दहा दिवस… नाही, सोपं कुठलं? पहिली वीस वाक्यं काढताना जीव तुटला. नंतर हात बसला. मॅडम म्हणाल्या, किशोरीताई, बाई उभी राहिली तुमची आता… हो, ताई म्हणाल्या मला!

सगळे 'डोळे पाणावले' नाही काढले. एक ठेवलाय… मी काढत होते, आईनेच अडवलं. तुझं शाळेत नाव घातलं ना, त्या दिवसाचा. म्हणाली, 'त्यो ऱ्हाऊ दे. तवा रडले मी. अनुयाचा हात सोडून घरी येताना.'…

…तुलाही माहीत नव्हतं?

…मला तरी कुठे माहीत होतं? तिने कधी सांगितलंच नाही.

हो, ये ना. रोडपालीहून किती वेळ लागतो, सुटलीस की रिक्षा कर आणि ये. मी माशाचं वाटण करून ठेवलंय, जिताडं आणलंय निकेशने.

आई? ती कसली घरात बसतेय! गुडघा धरून जिन्यात उभी आहे, समोरच्या हेतलभाभींना सांगतेय… थांब, दार उघडते, तूच ऐक…

ऐकलंस? नाही?… अगं म्हणतेय, 'माजी पोरगी लिवते, आन मी कापते.'

…खोटं कुठे बोलतेय! चल, ठेवते. त्या दोघींना आत बोलावते आधी.