‘उघडा’ हा शब्द आलाच नाही

नंदनवनच्या मैदानावर रोज सकाळी सतरंज्या अंथरणाऱ्या मित्रांनो, मायबहिणींनो! आठवडाभर आपण सगळे एकच टोमणा ऐकतो आहोत. चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, “मास्तर गेला, अन् हे बाजूले डोळे मिटून पडून होते!”

हे खरं आहे. म्हणूनच बोलवत नाही. तरी बोलणार आहे.

ढोबळे सर महाल भागातल्या शाळेत कवायत शिकवायचे. गळ्यात शिट्टी, तोंडी हुकूम. मल्लखांबावरून पडले, पाठ गेली, अंथरुणाला खिळले. पाय उचलायला जायचे तेव्हा दात आवळायचे, श्वास कोंडायचे. एक दिवस मालतीवहिनी वैतागल्या. वहिनी इथे समोरच बसल्या आहेत. म्हणाल्या, “अहो, पाय उचलून राहिले का पहाड? श्वास काहून धरून ठेवला? सोडा ना!”

सरांनी श्वास सोडला. पाय उचलला गेला.

आपली व्यायामपद्धती तिथे जन्मली. ग्रंथातून नाही, गुहेतून नाही, बायकोच्या वैतागातून! श्वास अडला की मागे या. जमेल त्यापेक्षा थोडं कमी करा. मोजू नका. डोळे मिटा, म्हणजे शेजाऱ्याशी बरोबरी होणार नाही. आणि पुरे वाटलं की डोळे उघडा. कधी पुरे झालं, हे ज्याचं त्याला कळतं. सरांचा सगळा विश्वास या शेवटच्या वाक्यावर होता.

आपल्याला तेच पचलं नाही.

आठवतं का? शांताबाई म्हणाल्या होत्या, “सर, तुमीच म्हना ना ‘उघडा’. हे कुसुम मधातच उठते अन् चादर झटकते.” सर हसले. “मी काय कुकर आहो का वं, शिट्टी मारायले? शिट्टी शाळेतच ठेवून आलो.” पण आपण सोडलं नाही. रोज मागे लागलो. शेवटी त्यांनी मान तुकवली. मग आपण पडून राहायचो, ते ‘उघडा’ म्हणायचे, आपण उघडायचो. आपल्याला किती बरं वाटायचं!

त्या सकाळी तो शब्द आला नाही.

ऊन तोंडावर आलं. शब्द आला नाही. कुणाचा तरी मोबाइल वाजून वाजून थांबला. शब्द आला नाही. आपण काय करत होतो? वाट बघत होतो! मी मनात म्हणत होतो, आज सर खुशीत दिसतात, भरपूर वेळ देत आहेत. हातभर अंतरावर माणूस संपत होता, आणि मी खुशीत होतो!

किंचाळली ती कुसुम. जिला आपण उतावळी म्हणायचो, तिनेच डोळे आधी उघडले.

डॉक्टरांना विचारलं, लवकर पाहिलं असतं तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही.” हे ‘सांगता येत नाही’ घेऊन आपल्याला जगायचं आहे. मला अजून झोप लागत नाही. तुम्हाला लागते?

लोक म्हणतात, पद्धतच घातकी. नाही! सरांनी डोळे मिटायला शिकवलं, तसं आपल्या मनाने उघडायलाही शिकवलं. अर्धं आपण घेतलं, अर्धं त्यांच्या गळ्यात परत बांधलं.

आणि काल काय ऐकतो? सरांचा आवाज मोबाइलमध्ये आहे म्हणे, उद्यापासून तोच लावू. गेलेल्या माणसाच्या हुकमाने डोळे उघडणार? अरे, जिवंतपणी त्यांना हुकूम द्यायचा नव्हता! त्या आवाजावर हक्क वहिनींचा आहे, तो त्यांच्या घरी राहू द्या. उद्यापासून मैदानावर ‘उघडा’ कोणीही म्हणणार नाही. मी नाही, मोबाइल नाही.

आता सरांसाठी उभे राहू. स्तब्धता संपली असं इथून कोणी सांगणार नाही. तुम्हाला पुरे वाटेल तेव्हा बसा. पण मान खाली घालू नका, डोळे मिटू नका. शेजारी जो उभा आहे त्याच्या तोंडाकडे बघा, त्याचा श्वास चालू आहे ना ते बघा.

उठा.