पांढरी तीन

—नाही, दोधूआप्पा, पेटी बरोबर आहे असं मी म्हणालोच कुठे? भाता शिवून दिला, वारा फुटत होता तो थांबला, एवढंच म्हणालो. तुमच्या भजनी बुवांना रे उतरलेला वाटतो—वाटणारच! बसा, दाखवतो. बुवांचा सा पांढरी दोन, बरोबर? मधली काळी सोडून ही पांढरी तीन, तो त्यांचा रे. आता सा मागे आणा, पांढरी एकवर धरा—सा, एक पट्टी सोडून रे, एक सोडून ग—तीच पांढरी तीन आता ग झाली की नाही? पट्टी जागची हलत नाही, आप्पा, सा हलला की तिचं नातं बदलतं. गच्या पुढे म अगदी लागून, मध्ये काळी नाही. गच्या मागे कोमल ग, ही काळी. आणि ह्या काळीच्या नि ह्या पांढरीच्या मध्ये काय आहे? काही नाही, फट आहे. पण गाणाऱ्याचा गळा पट्ट्या बघून थांबतो का?

आमच्या धनूचा, माझ्या बायकोचा, थांबत नव्हता. सा पांढरी एक, आणि ग हा असा, फटीतला. हळदीची गाणी म्हणायची—मी पेटी घेऊन बसायचो, म्हणायचो, अगं, जरा वर घे—तर म्हणायची, ‘पेटी तुम्हनी शे, आवाज मन्हा शे.’ तापात गेली. मग म्हटलं, माणूस नाही, सूर तरी हाती लागतो का बघू. पट्टीखाली वाऱ्यानं वाजते ती पितळी पत्ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो—थोडी खरवडायची, ऐकायचं, पुन्हा खरवडायची. आधी माझ्या पेटीची खरवडली, ती तुटली. मग रनाळ्याची पेटी आली दुरुस्तीला, तिची. मग—आता लपवून काय करू—तुमची. बदलून द्या म्हणता? पत्त्या जर्मनीहून यायच्या, आप्पा, लढाई लागल्यापासून एक आली नाही. टोकाशी घासून चढवावी, तर ही इतकी पातळ झालीय की हात लावायची भीती वाटते.

मेव्हणीला वाजवून दाखवली, जमनाला. म्हणाली, ‘दाजी, बहीनना सूर असा नई व्हता.’ मग कसा होता? तिला सांगता येईना. आणि मला—मला तर खरवडलेलं ऐकून ऐकून आता कानात पत्तीच वाजते. धनू नाही वाजत.

थांबा, उठू नका. कळसाडीच्या हळदीला तुम्ही होतात ना? मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होतात, मी पाहिलंय. एवढं करा—डोळे मिटा. मी सा धरतो. तुम्ही नुसता ग लावा, तिचा. कसाही लावा, मी हसणार नाही...

नाही?

असू द्या. उचला पेटी. धुळ्याला दाखवा कुणाला तरी—माझ्या हाती पुन्हा देऊ नका.